दहा अक्षरांचं दुखणं

सुयांच्या बाबतीत बेमालूम नावाचा हा माणूस गेलं वर्षभर धडधडीत खोटं बोलत होता.

आधी त्याने खापर सुयांवरच फोडलं. हल्ली कारखान्यात नेढीच बारीक पाडतात, असं तो बायकोला म्हणाला. पूर्वीच्या नेढ्यातून म्हणे करंगळी जायची. मग दोष दोऱ्याकडे गेला. दोरा फुसका आहे, टोक लगेच पिंजतं. मग दिव्याकडे. दुकानातला दिवा बदलून झाला, तो खाली ओढून झाला, आणखी खाली ओढून झाला, शेवटी बेमालूमच्या टकलाला चटके बसायला लागले, पण धागा काही नेढ्यात शिरेना. नेढ्याच्या डावीकडून जायचा, उजवीकडून जायचा, नवख्या पाहुण्यासारखा दार सोडून घराला चक्कर मारून यायचा.

मग त्याने नवी टूम काढली. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी बायकोने दहा सुया ओवून द्यायच्या. कारण काय, तर वेळ वाचतो. ती मुकाट्याने ओवून द्यायची. एकदाच, भांडी पुसता पुसता, ती म्हणाली की अहो, चष्म्याचं बघा ना एकदा. त्यावर तो दोन दिवस तिच्याशी फक्त ‘हं’ आणि ‘नको’ एवढंच बोलला. तेव्हापासून ती दहाच्या जागी बारा सुया ओवायला लागली आणि चष्म्याचं नाव तिने टाकलं.

बेमालूम रफूगार होता. कपड्याला पडलेलं भोक असं भरायचं की तिथे भोक होतं यावर खुद्द मालकाचा विश्वास बसू नये, हे त्याचं काम. कोटाला भोक पडलं तर त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून चार धागे काढायचे, ते आधी उभे ताणायचे, मग त्यांच्यातून आडवा धागा एकाखालून, दुसऱ्यावरून न्यायचा, जसा मागावर विणतात तसा, पण मसुराच्या दाण्याएवढ्या जागेत. ‘बेमालूम करून देतो’ हे वाक्य तो दिवसातून इतक्यांदा म्हणायचा की त्याचं खरं नाव लोक विसरूनच गेले. बायको तेवढी अहो म्हणायची. चिडली की ‘अहो, ऐकलं का’ म्हणायची, आणि त्याला ऐकू आलेलं असायचंच.

दुकानाची एक रीत होती, आजोबांच्या वेळेपासूनची. कपडा तयार झाला की तो घडी न घालता गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि एकच शब्द म्हणायचा: शोधा. मग गिऱ्हाईक कपडा उजेडाला धरायचं, उलटा करायचं, नाकाशी न्यायचं, बायकोला बोलवायचं. रफू सापडला तर तो उसवून पुन्हा करून द्यायचा. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, काळात तो कुणालाच सापडला नाही, असं आबा सांगायचे. बेमालूमच्या काळात तो तिघांना सापडला होता, आणि तिघेही गेल्या वर्षभरातले होते.

दुकानाचा एक दंडकही होता, आणि दुखणं खरं त्या दंडकात होतं. आजोबा म्हणायचे, डोळ्यावर काच आली की हातात कात्री घ्यावी, सुई नाही. चष्मेवाल्या रफूगाराकडे कोण कपडा देईल? लोक म्हणतील, याला स्वतःला दिसत नाही, हा माझं भोक काय लपवणार.

आबांनी तो दंडक पाळला. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी त्यांना धागा दिसेना. दुसऱ्या सकाळी दिसेना. तिसऱ्या सकाळी त्यांनी सुई सुयांच्या उशीला टोचली, जिना चढून वर घरात आले आणि ‘माझी नजर गेली’ एवढं सांगून गॅलरीतल्या खुर्चीत बसले. डॉक्टरबिक्टर काही नाही. डॉक्टरकडे गेलं तर तो चष्माच देणार, मग जाऊन उपयोग काय, असा त्यांचा बिनतोड हिशेब. पंधरा वर्षांचा मुलगा शाळेचं दप्तर ठेवून खाली दुकानात बसला. त्याआधी तो नुसता बघायला यायचा, वडिलांच्या खांद्यावरून वाकून, आणि आबा मान वर न करता एकच वाक्य म्हणायचे: “उजेड अडवू नकोस.” ते वाक्य त्या दिवसापासून बंद झालं. आबांना उजेडाचं काही कामच उरलं नाही.

आता यातली गंमत अशी की ज्यांची नजर गेली ते आबा गॅलरीत बसल्या बसल्या तीन गल्ल्यांपलीकडच्या मनोऱ्यावरचं घड्याळ बघून वेळ सांगत. समोरच्या छपरावर बसलेलं पाखरू नर की मादी ते सांगत. कोपऱ्यावरच्या घरात आज कोण पाहुणा आला, त्याच्या बुटाला कुठे ठिगळ आहे, सगळं सांगत. ताटातल्या भातातला खडा मात्र त्यांना दिसत नसे. बेमालूमची बायको म्हणायची, आबांना घरातलं दिसत नाही, दुसऱ्याच्या घरातलं दिसतं. सगळे हसायचे. आबाही हसायचे. एकतीस वर्षं सगळे त्या विनोदाला हसले, आणि त्याच्यात काय पुरलेलं आहे ते बघायला एकाचीही मान खाली वाकली नाही.

बेमालूमला आता सत्तेचाळिसावं लागलं होतं. आबांच्या पुढे एक वर्ष त्याने रेटून नेलं होतं. पण त्याला मनात पक्कं ठाऊक होतं की आपल्या घराण्याचे डोळे एवढेच टिकतात, आणि आता वर गॅलरीत दुसरी खुर्ची लागणार. सुई सोडून त्याला दुसरं काहीही येत नव्हतं. कात्रीसुद्धा नाही, कापड कापताना त्याला कापडाचीच दया यायची.

अखेर एका दुपारी, दोऱ्याची रिळं आणायला जातो असं सांगून, तो डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. जवळच्या नाही, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून बस बदलून लांबच्या.

तिथे दाराशी एक मदतनीस बाई होती, तिची मान कागदात आणि आवाज घंटीसारखा. पुढचे. बसा. हनुवटी इथे. वरची ओळ वाचा. वरची ओळ बेमालूमने खणखणीत वाचली, अगदी खालची बारीकसुद्धा वाचली, कारण तो तक्ता लांब भिंतीवर होता. मग तिने हातात एक पुठ्ठा दिला आणि तो वाचायला सांगितला. बेमालूमने पुठ्ठा हळूहळू लांब नेला, कोपर सरळ झालं, खांदा सरळ झाला, आणि तरी पुठ्ठ्यावर मुंग्याच चालत होत्या. बाईने “बास” म्हटलं, कार्डावर एक शब्द खरडला, बाकावर बसा, डॉक्टर बोलावतील. पुढचे.

बाकावर शेजारी एक आजी होत्या, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, उरलेल्या डोळ्यात दोन्हींचं कुतूहल. काय झालंय, असं त्यांनी विचारलं. माहीत नाही, इथे लिहिलंय, असं म्हणून बेमालूमने कार्ड पुढे केलं, कारण त्याला स्वतःला तेही दिसत नव्हतं. आजींनी एका डोळ्याने एकेक इंग्रजी अक्षर टिपलं, बोटं मोजत गेल्या, आणि दोन्ही हातांची बोटं संपली.

“प्रेसबायोपिया,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “दहा अक्षरं आहेत बाबा.”

मग त्यांनी त्याला आपला अनुभव सांगितला. त्यांना नुसता मोतीबिंदू होता. मोतीबिंदू म्हणजे कसं, आपल्या भाषेतलं दुखणं, सगळ्यांच्या घरी होतं, पंधरा मिनिटांत काढलं. पण ज्याला आपल्या भाषेत नावच नाही, जे इंग्रजीतून सांगावं लागतं, ते म्हणजे वरचं दुखणं. त्यांच्या दिराला असंच एक बारा अक्षरांचं झालं होतं. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, नुसता पदर सारखा केला.

बेमालूमचंही मत काहीसं असंच होतं. ताप, सर्दी, खोकला, ही दोनतीन अक्षरांची माणसं, येतात आणि जातात. दहा अक्षरांचं कुणी उगाच येत नाही. आतून बाई “पुढचे” म्हणाली तेव्हा त्याची पाचावर धारण बसली. तो उठला, आणि आत जायच्या ऐवजी जिना उतरून रस्त्यावर आला. कार्ड त्याने सुयांच्या डबीत तळाला घातलं. कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं की कळणार, कळलं की दुकान गेलं. फोनमध्ये शोधावं म्हटलं तर फोनमधली अक्षरं त्या कार्डापेक्षा बारीक. म्हणजे दुखण्याचं नाव वाचायला तेच दुखणं आड येत होतं.

त्या संध्याकाळी त्याने एक कोट हातात घेतला, आणि पुढचं सगळं त्या कोटाने घडवलं.

कोट उगमकाकांचा होता. उगमकाका ग्रंथालयातून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि त्यांना एक खोड होती. कुठलाही शब्द कानावर पडला की तो आला कुठून, हे सांगितल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे. बेकरीवाल्याकडे ते गेले की आधी घसा खाकरायचे, मग तर्जनी वर, मग “आता बघा हं,” आणि मग बटर हा शब्द मुळात ग्रीकांचा, त्याचा अर्थ गाईचं चीज, हे पावाची लाइन थांबवून सांगायचे. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला त्यांनी सांगितलं होतं की स्कूल हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा अर्थ फावला वेळ. बाई त्यानंतर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जायला लागल्या. इमारतीच्या सभेत एकाने दुसऱ्याला इडियट म्हटलं तेव्हा काका उठून उभे राहिले, आणि सगळ्यांना वाटलं भांडण सोडवतात. त्यांनी सांगितलं ते एवढंच की ग्रीकांकडे जो सार्वजनिक कामात भाग न घेता आपल्यापुरतं बघतो त्याला हा शब्द लावत. त्यावर भांडण मिटलं नाही, उलट त्यात आणखी पाच जण ओढले गेले. काका येताना दिसले की सगळ्या रस्त्याला अचानक कामं आठवायची.

त्या दिवशी सकाळी ते कोट घेऊन दुकानात आले, काळा लोकरी, जुना, आणि म्हणाले कोटाला भोक पडलंय. आणि कोट हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचलला, आता बघा हं. बेमालूमने ‘आता बघा’ ऐकलं आणि कान मिटून घेतले. ती त्याची जुनी युक्ती. तोंडावर हसू ठेवायचं, मान हलवायची, आणि आत मनात धागे मोजायचे. त्यामुळे फ्रेंच कधी आले, कधी गेले, आणि भोक नेमकं कुठे आहे हे काकांनी कधी सांगितलं, त्याला पत्ता नाही.

काळ्यावर काळा धागा म्हणजे रफूगाराची परीक्षा. धडधाकट डोळ्याला ती जड जाते. बेमालूमने कोट पसरला आणि बोटांनी चाचपायला सुरुवात केली. गेले कित्येक महिने तो असाच बोटांनी बघत होता. कॉलरच्या दुमडीत बोटाला भोक लागलं. कडा पार पिंजलेल्या, धागे लोंबलेले. डोक्यात दहा अक्षरं घुमत होती. त्याने बायकोने ओवलेली सुई घेतली आणि तासभर खाली मान घालून ते भोक भरलं. बोटांनीच भरलं, आणि बोटं तीस वर्षांच्या तयारीची. काम असं उतरलं की वर्षभरात तसं उतरलं नव्हतं. ही आपली शेवटचीच कामगिरी, असं समजून त्याने तो कोट खुंटीला लावला, आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी काका आले. बेमालूमने कोट त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, शोधा.

काकांनी कोट अंगात चढवला. डाव्या खिशाच्या झाकणाखाली हात घातला, आणि तिथून त्यांची करंगळी बाहेर आली. ती दुकानभर नजर फिरवल्यासारखी डावीउजवीकडे वळली. “हे सापडलं,” ते म्हणाले. मग त्यांनी सवयीने गळ्यातली चष्म्याची साखळी उचलली आणि कॉलरला अडकवायला गेले. साखळीचा आकडा घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. त्यांनी हनुवटी छातीला टेकवून खाली पाहिलं.

“आणि हे हरवलं,” ते म्हणाले.

बेमालूमला दोन क्षण कळलंच नाही. मग कळलं. कॉलरच्या दुमडीतलं ते भोक पडलेलं नव्हतं, पाडलेलं होतं. शिंप्याने केलेलं काज होतं ते. काका त्यात वर्षानुवर्षं चष्म्याची साखळी अडकवायचे, म्हणून त्याच्या कडा झिजून पिंजल्या होत्या. जे हवं होतं ते बेमालूमने बेमालूम केलं होतं, आणि जे नको होतं ते जसंच्या तसं ठेवलं होतं. आजोबा, आबा आणि तो, तिघांच्या हयातीत दुकानात हे झालं नव्हतं. हे होऊच शकत नव्हतं, डोळे असलेल्या माणसाच्या हातून.

त्याला सुयांबद्दल काही सुचलं असतं. दिव्याबद्दल सुचलं असतं. पण खोटं बोलायला लागणारा दमच संपला होता. तो दाराशी गेला, दाराची एक फळी ओढून घेतली, डबीतल्या सुया उशीवर ओतल्या आणि तळातलं कार्ड काढून काकांपुढे ठेवलं.

“काका, तुम्ही शब्दांचं बघता ना,” तो म्हणाला. “हा शब्द जरा उसवून द्या.”

उगमकाका खाली बसले. बसावंच लागलं. इतकी वर्षं ते लोकांना शब्द सांगत आले, लोक त्यांच्यापासून पळत आले; त्यांच्या उभ्या आयुष्यात आपणहून, दार लावून, त्यांना शब्द विचारणारा हा पहिला माणूस. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, कार्ड वाचलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की बेमालूमला शंकाच उरली नाही. एवढा आनंद होतोय म्हणजे शब्द फारच भारी असणार.

घसा खाकरून झाला. तर्जनी वर झाली. आता बघा हं.

हा शब्द ग्रीक आहे, ते म्हणाले, आणि दोन तुकड्यांचा आहे; जोड इतका सुबक की वरून कळत नाही, तुमच्या रफूसारखा. पहिला तुकडा प्रेसबिस. आता इंग्रजीत चर्चमधल्या पाद्र्याला प्रीस्ट म्हणतात, तो शब्द याच घराण्यातला.

बेमालूमने डोळे मिटले. पाद्र्याला कुणाच्या उशाशी बोलावतात, ते त्याला माहीत होतं.

काका रंगात आले होते. प्रीस्ट कसा आला, तर प्रेसबिटर, म्हणजे मंडळीतला थोर, वडीलधारा. मग तो शब्द उच्चारता उच्चारता झिजला, दोन्हीकडून कडा गेल्या, आणि राहिला प्रीस्ट. हे किती शतकांत झालं असेल, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट बघायला लागले. बेमालूमने डोळे उघडले. काका, म्हणाला, मी आंधळा होणार का तेवढं आधी सांगा, शतकं मग सांगा.

काकांची तर्जनी खाली आली. त्यांनी प्रथमच माणसाकडे पाहिलं, शब्दाकडे नाही. आणि एरवी ज्या गोष्टीला त्यांना पाऊण तास लागला असता ती त्यांनी एका दमात सांगितली.

“प्रेसबिस म्हणजे म्हातारा. ऑप्स म्हणजे डोळा. म्हाताऱ्याचा डोळा. आपण चाळिशी म्हणतो ना, तीच. झालं.”

“तीच? चष्म्याची?”

“तीच. मलाही आहे. बेकरीवाल्यालाही आहे, मुख्याध्यापिकेलाही आहे, त्या पर्समध्ये लपवतात.”

“रोग नाही?”

“डॉक्टरने तपासून सांगावं ते सांगेल, मी ग्रंथालयातला माणूस,” काका म्हणाले. “पण शब्दात रोग नाही. शब्दात नुसता वाढदिवस आहे.”

बेमालूमचा जीव जो भांड्यात पडला त्याचा आवाज वर आबांना ऐकू गेला असावा, कारण गॅलरीतून त्यांनी काय पडलं म्हणून विचारलं. पडलं होतं ते स्टूल. बेमालूम त्यावरून एकदम उठला होता आणि ते मागे उलटलं होतं. तो जमिनीवर बसला आणि हसायला लागला. दहा अक्षरांच्या दुखण्याने त्याची झोप, भूक आणि दोन दिवस बायकोशी बोलणं नेलं होतं, आणि आत होता फक्त एक म्हातारा आणि त्याचा डोळा. लांबच्या दवाखान्यातल्या आजी म्हणत होत्या की याला आपल्या भाषेत नाव नाही. नाव होतं, चाळिशी; दुसऱ्यांच्या बाबतीत तोही ते सर्रास घ्यायचा. फक्त ते नाव लागलं की दुकानाचा दंडक मोडायचा, म्हणून त्याने ते कधी स्वतःला लावलं नव्हतं.

काकांनी आपला चष्मा काढला, साखळीसकट, आणि त्याच्या नाकावर ठेवला.

पहिल्यांदा त्याला आपली बोटं दिसली. अंगठ्यावरच्या रेषा, सुईने पडलेली जुनी टिंबं, नखातला काळा धागा. मग उशीवरच्या बारा सुया, आणि प्रत्येकीला व्यवस्थित, ऐसपैस नेढं. कारखान्याने काही बारीक केलेलं नव्हतं. मग त्याने खुंटीवरचा, काल तयार करून ठेवलेला एक स्वेटर ओढला आणि त्यावरचा आपला रफू पाहिला. “अरे देवा,” तो म्हणाला, आणि स्वेटर उलटा करून मांडीखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात परत गेला. यावेळी बायकोला सांगून, तिला घेऊन. “पुढचे” म्हटल्यावर तो आत गेला. डॉक्टरांनी डोळे नीट तपासले, आतून, बाहेरून, थेंब घालून, आणि आत सगळं ठणठणीत आहे, वय झालं की जवळचं दिसायला काच लागते, एवढंच सांगितलं. त्या दिवशी पळून गेले ते तुम्हीच का, असंही विचारलं. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, मी रोज बारा सुया ओवत होते, चष्मा लागलाय का असं तुम्ही मला एकदा विचारलं असतं तर मी तुम्हाला एका अक्षरात सांगितलं असतं. कुठलं अक्षर, त्याने विचारलं. “हं,” ती म्हणाली, अगदी त्याच्याच आवाजात. जाताना ती जिन्यात थांबली आणि म्हणाली की अहो, मग आबांना तरी काय झालंय?

बेमालूम जिन्यातच उभा राहिला. मनोऱ्यावरचं घड्याळ. छपरावरचं पाखरू. भातातला खडा.

आबांना दवाखान्यात न्यायला तीन दिवस लागले. दुकानाला काच लागू देणार नाही, असं ते म्हणाले. दुकान माझं आहे, काच माझी आहे, असं बेमालूम आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू किंचित आहे, त्याची घाई नाही; चष्मा तीस वर्षांपूर्वीच लागायला हवा होता. दोघे बसने घरी निघाले. बेमालूमने त्यांना काकांचा शब्द उसवून सांगितला, म्हातारा आणि डोळा. आबांनी खिडकीबाहेर बघत ऐकलं.

“तेव्हा मी म्हातारा नव्हतो,” ते म्हणाले. आणि पुढच्या थांब्याला, “एकतीस वर्षं.” आणि त्याच्या पुढच्या थांब्याला, “जाऊ दे. गॅलरीतून बरंच बघून झालं.”

चष्मे आले. दोन. बेमालूम आपला लावून भर दुकानात, दार सताड उघडं टाकून बसला, आणि लोकांनी जे म्हणायचं ते म्हणावं म्हणून वाट बघू लागला. फारसं कुणी काही म्हटलं नाही. एक बाई म्हणाली, बरं झालं, मागच्या वेळचा रफू मला सापडला होता, लाजेने बोलले नाही. बेकरीवाल्याने येऊन त्याचा चष्मा घालून बघितला आणि नंबर सारखाच आहे म्हणून खूश होऊन गेला. उगमकाका आले तेव्हा मात्र बेमालूमने स्टूल पुढे केलं आणि मायोपियाचं काय, असं आपणहून विचारलं. काका तासभर बसले. मायोपिया म्हणजे डोळे बारीक करणं, मिचकावणं, लांबचं दिसत नाही म्हणून माणूस तसं करतो ना, ग्रीकांनी तेच बघून नाव ठेवलं. बेमालूमने यावेळी मनात धागे मोजले नाहीत. पण त्यांचा कोट त्याने त्या दिवशी दिला नाही. अजून एकाला दाखवायचा आहे, म्हणाला.

काज त्याने उसवून पुन्हा मोकळं केलं होतं, कडा घट्ट शिवून घेतल्या होत्या. खिशाखालचं खरं भोक भरलं होतं, डोळ्यांनी, बोटांनी, दोन्हींनी. कोट घेऊन तो वर गेला. गॅलरीत आबा नवा चष्मा लावून आपल्याच हाताकडे बघत बसले होते. बेमालूमने कोट घडी न घालता त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, शोधा.

आबांनी कोट उजेडाला धरला. उलटा केला. कॉलर बघितली, काज बघितलं. खिशाचं झाकण उचललं आणि त्यांचं बोट फिरत फिरत एका जागी थांबलं.

“तिसरा धागा,” ते म्हणाले. “वरून जायला हवा होता, खालून गेलाय.”

बेमालूमला राग यायला हवा होता. आला नाही. तो वाकून बघायला गेला, आबांच्या खांद्यावरून, कुठला तिसरा. आबांनी तोवर त्याच्या सदऱ्याला टोचलेली सुई ओढून घेतली होती, बिनधाग्याची. त्यांनी कोटाच्या शिवणीतून एक काळा धागा काढला, टोक जिभेने ओलं केलं, आणि तो पहिल्या फटक्यात नेढ्यातून पार झाला. त्यांनी मान वर केली नाही.

“उजेड अडवू नकोस,” ते म्हणाले.

बेमालूम बाजूला झाला.